बाटली आधी की बादली?

सध्या रविवारी सकाळी आपल्या पार्किंगमध्ये जेवढ्या बाटल्या दिसतात, तेवढ्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्येसुद्धा नसतील. स्नो फोम, शॅम्पू, क्विक डिटेलर, टायर शाइन, डॅशबोर्ड पॉलिश, आयर्न रिमूव्हर आणि आता तो ‘सिरॅमिक स्प्रे’. कुरिअरवाला गेटवर खोकं देऊन गेला की ते फोडायला अर्धी विंग खाली! मेसचं बिल भरायला पैसे नसतात, पण स्प्रेसाठी तीन रूममध्ये मिळून वर्गणी निघते. स्टाफ पार्किंगचं चित्रही फार वेगळं नाही, तिथल्या बाटल्या जरा महागातल्या इतकंच.

या बाटल्यांवर माझा काही राग नाही. त्यातल्या एक-दोन खरोखर चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. पण आपण पैसा आणि मेहनत चुकीच्या टोकाला घालतोय असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या भरे गावासारख्या ठिकाणी गाडीच्या रंगाचा खरा शत्रू म्हणजे कण. धुळीचा, खडीचा, चिखलातला कण. तो जाग्यावर असताना वरून काहीही चोपडलं तरी नुकसानच.

थोडं आपल्याच अभ्यासातलं बघू. गाडीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग इलेक्ट्रोकोट, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. आपल्या डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे ज्या थरावर आपण दर रविवारी फडकं दाबून दाबून फिरवतो, तो केसापेक्षाही पातळ आहे.

आता समोरची पार्टी बघा. पिरंगुट ते घोटवडे फाटा या रस्त्यावर डंपरच्या मागे दहा मिनिटं बाइक चालवली की दाताखाली जे कचकचतं, तेच बोनेटवर बसतं. ही खडी आणि हा क्रश सँड म्हणजे आपला दख्खनचा काळा दगड, बेसॉल्ट. त्यात मुख्य खनिजं दोन, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन. मोह्जच्या स्केलवर दोघांचा कडकपणा ६ च्या आसपास. साधी काच साडेपाच. जी धूळ काचेवर चरा काढू शकते, तिच्यावर कोरडं फडकं ठेवून आपण क्लिअर कोटवर गोल गोल फिरवतो आणि मग चरे पडले म्हणून अजून एक बाटली मागवतो. वा रे इंजिनिअर!

ते चरे रात्री ट्यूबलाइटखाली किंवा दुपारच्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार दिसतात. त्यावरून बऱ्याच जणांची समजूत अशी की गोल पुसल्यामुळे गोल चरे पडतात, म्हणून सरळ पुसायचं. मजा म्हणजे ते चरे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना अस्ताव्यस्त पडलेले असतात, त्यातले जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती योग्य कोनात आहेत तेवढेच चमकतात आणि डोळ्याला गोल रिंगण दिसतं. दिवा सरकवा, रिंगणही सरकेल. सरळ पुसल्यानं चरे थांबत नाहीत, कण आधी निघाल्यानं थांबतात.

दसऱ्याला तर हे हमखास घडतं. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या लेथला झेंडूची माळ चढते, दुसऱ्या दिवशी आपल्या गाड्यांना. माळ घालूनच गावाला जायचं, सुतळी आणि तार वाऱ्यावर तासभर बोनेटवर घासत राहते. बोनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक वाळलं की नखानं किंवा कोरड्या रुमालानं खरवडायचं. पूजा जरूर करा. पण माळ घट्ट बांधा आणि कुंकू पाणी ओतून भिजवून मग काढा, एवढंच.

आता ‘नाइन एच’ची गंमत सांगतो. सिरॅमिक कोटिंगच्या प्रत्येक बाटलीवर आणि प्रत्येक दुकानाच्या पाटीवर ‘९एच’ लिहिलेलं असतं. विकणारा असं काही बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हिऱ्याच्या खालोखाल कडक! मोह्जच्या स्केलवर ९ म्हणजे कोरंडम, माणिक आणि नीलम ज्याचे बनतात ते. पण बाटलीवरचा ९एच हा मोह्जचा नव्हेच. तो पेन्सिलीचा. हो, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या तासाला आपण टूएच आणि एचबी वापरतो, तीच पट्टी, ६बी पासून ९एच पर्यंत. पेन्सिल ठरलेल्या कोनात धरून कोटिंगवर ढकलायची आणि चरा उमटतो का ते बघायचं. ९एच चा अर्थ असा की सगळ्यात कडक पेन्सिलीनंही चरा पडला नाही. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. आपल्या रस्त्यावरची खडी पेन्सिल थोडीच आहे?

कोटिंग अगदीच बोगस असं मात्र मी म्हणणार नाही. चांगलं सिरॅमिक कोटिंग पाणी टिकू देत नाही, चिखल सहज सुटतो, पक्ष्यांची घाण लवकर चावत नाही. पावसाळ्यात मुळशीत गाडी ठेवणाऱ्याला हा फायदा खराच आहे. पण त्याची जाडी एखाद-दुसरा मायक्रॉन. तेवढ्या थरावर विसंबून कोरडं फडकं मारणं म्हणजे रेनकोट घालून विहिरीत उडी मारण्यासारखं आहे.

दुसरा घोळ शब्दांचा. आपल्याकडे वॅक्सलाही पॉलिश म्हणतात आणि पॉलिशलाही वॅक्स. दोन्ही उलटी कामं आहेत. वॅक्स थर चढवतं, पॉलिश थर उतरवतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नोबा वॅक्स लावलं तर रंगावर पातळ संरक्षण बसतं, काही आठवड्यांनी उतरतं, पुन्हा लावायचं. पॉलिशमध्ये मात्र बारीक अपघर्षक असतो. तो चऱ्याच्या कडा झिजवतो म्हणून चरा दिसेनासा होतो. क्लिअर कोटच कमी झाला की वर्ष-दोन वर्षांत उन्हानं छप्पर पांढरट पडायला लागतं. पद्मिनी आणि अम्बॅसिडरच्या जमान्यात साध्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसायचा. घासलं की फडक्याला गाडीचा रंग लागायचा, लोकांना समोर दिसायचं की आपण रंग काढतोय. आता निघतो तो पारदर्शक थर, फडकं स्वच्छ राहतं, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. दर महिन्याला पॉलिश मारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

बाइकवाल्यांनो, पुढचा मुद्दा मात्र चेष्टेचा नाही. टायर शाइन आणि डॅशबोर्ड पॉलिश यांच्यात बहुधा सिलिकॉन असतं. कारच्या टायरच्या बाजूला लावलं तर ठीक. बाइकच्या टायरला ते अजिबात लावू नका, कारण वळणावर बाइक झुकते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते. शनिवारी ताम्हिणीला जायचं म्हणून शुक्रवारी रात्री टायर काळेकुळकुळीत करणारे महाभाग दरवर्षी निघतात. सीटला लावलं तर मागे बसलेला पहिल्याच ब्रेकला तुमच्या पाठीवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डिस्क. स्प्रे मारताना वॅक्सचा किंवा चेन ल्यूबचा फवारा डिस्कवर गेला तर ब्रेक पकडत नाही, आणि पॅडनं तेल शोषलं की पॅड बदलण्यावाचून इलाज नाही. पिरंगुटच्या घाटात उतरताना हे कळण्यात काही अर्थ नसतो. स्प्रे गाडीवर मारूच नका, फडक्यावर घ्या आणि मग लावा. धुऊन झाल्यावर पार्किंगमध्येच दोन-चार वेळा हळू चालवून ब्रेक दाबून बघा, मगच गेटबाहेर.

मग धुवायचं कसं? सावलीत, इंजिन गार असताना. आधी नुसतं पाणी, वरून खाली, चाकांच्या कमानीत भरपूर. कण इथेच निघतात, या टप्प्यावर हात लावायचाच नाही. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं पत्र्यावरून उचललं की आधी साध्या पाण्यात खळबळायचं, पिळायचं, मगच शॅम्पूत बुडवायचं. सुरुवात छपरापासून, शेवट खालच्या दारांनी. चाकांचं फडकं वेगळं, ते चुकूनही वर आणायचं नाही. कपडे धुवायची पावडर नको, तिच्यात सोडा असतो, ती आधीचं वॅक्स धुऊन नेते. शेवटी मायक्रोफायबरनं पाणी टिपायचं. आपल्याकडे बोअरचं पाणी आहे, ते उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे डाग धरतात आणि मग ते काढायला आणखी एक बाटली! धुळीच्या गाडीवर कव्हर घालणं हेही त्यातलंच. कव्हर म्हणजे वाऱ्यावर स्वतःहून फिरणारं फडकं.

मला विचाराल तर खर्च करण्यासारख्या गोष्टी तीनच. साधा न्यूट्रल शॅम्पू, पाच-सहा चांगली मायक्रोफायबर फडकी आणि ‘रिन्सलेस वॉश’. या शेवटच्याला नवीन उत्पादनांपैकी खरोखर नवीन म्हणावं असं आहे. दहा लिटर पाण्यात झाकणभर टाकायचं, त्यातली पॉलिमर आणि साबणद्रव्यं धुळीच्या कणाला वेढून त्याचं घासणं कमी करतात, नंतर पाणी मारावं लागत नाही. चिखलानं माखलेल्या गाडीला याचा उपयोग नाही. पण डिसेंबर ते मे, नुसत्या धुळीच्या दिवसांत, एका बादलीत कार होते.

पाण्याचा हिशोबही एकदा करून बघा. नळाखाली २० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांत भरली तर वीस मिनिटं चालू ठेवलेला पाइप २०० लिटर ओततो. दोन-तीन बादल्यांत तीच गाडी ५० लिटरच्या आसपास होते. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या जलमंडळानं पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरण्यावर बंदी घातली, दंड ५,००० रुपये. आपण म्हणणार, आमच्या तालुक्यात तर एवढं मोठं धरण आहे! पण मुळशी धरणाचं पाणी वीज करायला डोंगर उतरून कोकणात भिऱ्याला जातं आणि तिथून कुंडलिकेत. ज्या धरणासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापट तुरुंगात गेले, ते हेच धरण. पाण्याचा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. आणि आपल्या पार्किंगमधून फेस, तेल, ग्रीस घेऊन निघालेलं पाणी ओढ्यानं मुळेत, तिथून पुण्यातून खाली भीमेत. निदान इंजिनचा डिग्रीझर तरी गटाराच्या तोंडाशी वापरू नका.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. स्टाफच्या गाड्या रोज सकाळी कोण पुसतं? मामा. एक बादली, एक फडकं, आठ-दहा गाड्या. शेवटच्या गाडीला पहिल्या सगळ्या गाड्यांची खडी मिळते. आणि चरे दिसले की बोलणी कुणाला? मामांनाच. ज्या गाडीच्या कोटिंगवर हजारो रुपये घातले, ती पुसायला मामांच्या हातात जुन्या बनियनचा तुकडा असतो! दोन बादल्या आणि डझनभर मायक्रोफायबर फडक्यांचा खर्च सगळ्या स्टाफमध्ये वाटला तर एकेकाच्या वाट्याला कॅन्टीनच्या चार चहाचे पैसेही येणार नाहीत. शिवाय रोज पुसायची गरज तरी काय? आठवड्यातून दोनदा नीट धुतलेली गाडी रोज कोरडी घासलेल्या गाडीपेक्षा जास्त दिवस नवी राहते. मामांचे पैसे मात्र तेवढेच ठेवा.

यापेक्षा गंभीर गोष्ट हातांची. आयर्न रिमूव्हर चाकावर मारला की ब्रेकच्या लोखंडी धुळीशी प्रक्रिया होऊन जांभळा ओघळ येतो. बघायला मजा वाटते, वास मात्र केस कुरळे करायच्या लोशनसारखा, कारण रसायनही त्याच घराण्यातलं. ते उघड्या हातानं वापरायचं नाही. अलॉय व्हीलच्या आणि पाण्याचे डाग काढायच्या काही क्लीनरमध्ये तर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते कातडीतून आत जातं, सुरुवातीला फारसं काही जाणवत नाही, काही तासांनी असह्य दुखायला लागतं आणि शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं. लेबल इंग्रजीत, बारीक अक्षरात. आपण वाचत नाही, मामांना वाचता येत नाही, आणि ‘मामा, जरा चाकं पण चमकवा’ म्हणून बाटली त्यांच्या हातात. लॅबमध्ये ग्लोव्ह्जशिवाय पिपेटला हात लावला तर सर बाहेर काढतात. पार्किंगमध्ये तो नियम का नसावा?

म्हणून प्रशासनाला आणि हॉस्टेल कमिटीला विनंती आहे. पार्किंगमधल्या नळाचा पाइप काढून घ्यावा, तिथे चार बादल्या, रबरी हातमोज्यांचे दोन-तीन जोड आणि फडकी वाळवायला एक दोरी ठेवावी. धुवायची जागा गटारापासून दूर, मागच्या गवताच्या बाजूला ठरवावी. आणि जी बाटली आपण स्वतः हातमोजे घालून, लेबल वाचून वापरणार नाही, ती मामांच्या हातात देऊ नये. पहिल्या बादल्यांचे आणि हातमोज्यांचे पैसे आमची विंग द्यायला तयार आहे, दोरी मेसच्या मागे पडलीच आहे.