‘व्हेरी ब्यूटिफुल’ आता पुरे!

नववी-दहावीच्या मुलांच्या इंग्रजी निबंधाच्या वह्या आपण कधी एकामागून एक वाचल्या आहेत काय? शिकवणीच्या निमित्ताने गेली दोन वर्षे मी वाचतो आहे. दर रविवारी पंधरा-वीस वह्या पुढ्यात येतात आणि त्या सगळ्यांत मला एकच गाव भेटते. त्या गावातली नदी ‘ब्यूटिफुल’, देऊळ ‘ब्यूटिफुल’, शाळा ‘व्हेरी ब्यूटिफुल’. निसर्गाचे तर विचारूच नये! वास्तविक ही मुले निरनिराळ्या वाड्यावस्त्यांवरून येतात. कुणाच्या दाराशी नदी आहे, तर कुणाच्या दाराशी उन्हाळ्यात टँकर. वहीत मात्र सर्वांच्या घरामागून एकच झरा झुळझुळ वाहत असतो. तो गाइडातून निघतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

यावर वर्गात जो उपाय होतो, तो मला रोगाहून वाईट वाटतो. “तोच तोच शब्द वापरू नका,” असे बजावून फळ्यावर यादी लिहिली जाते : चार्मिंग, गॉर्जियस, स्प्लेंडिड, मॅग्निफिसंट. मुले गुणी असतात, यादी पाठ करतात. मग वेशीवरचे मारुतीचे देऊळ मॅग्निफिसंट होते आणि आजी गॉर्जियस होते! शब्द बदलला, पण वाचणाऱ्याला आजी दिसली का? ‘ब्यूटिफुल’ काय किंवा ‘गॉर्जियस’ काय, हे शब्द लिहिणाऱ्याला ती वस्तू आवडली एवढेच सांगतात. वस्तू कशी आहे, याबद्दल ते मौन पाळतात. त्याउलट ‘टूथलेस’ म्हटले की आजी बोळके उघडून हसते. देवळाला ‘टिन-रूफ्ड’ म्हटले की पावसाचा ताशा ऐकू येतो. माझी कसोटी अगदी साधी आहे. जे विशेषण तालुक्यातल्या कोणत्याही देवळाला चिकटवता येते, ते आपल्या गावच्या देवळाचे नव्हे.

मोठ्या कवींनाही हे शोधावे लागते. वर्डस्वर्थची डॅफोडिल फुलांवरची कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत घोकली आहे. ती १८०७ साली प्रथम छापली गेली, तेव्हा त्या फुलांच्या थव्याला त्याने ‘डान्सिंग’ हे विशेषण दिले होते. १८१५ च्या आवृत्तीत तेथे ‘गोल्डन’ आले आणि आज आपण तेच म्हणतो. कारण, मला वाटते, उघड आहे. फुलांचे नाचणे त्या कवितेत पुढे येतेच. रंग मात्र कुणी सांगितला नव्हता. एवढ्या नावाजलेल्या माणसाला एक विशेषण बदलायला आठ वर्षे लागली. आपल्या विद्यार्थ्याकडून आपण ते परीक्षेच्या घाईत मागतो, आणि तेही पाहायला न शिकवता.

आता मूळ मुद्दा. आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना ‘शब्दसंग्रह नाही’ असा शिक्का मारला जातो आणि पुष्कळ मुले तो निमूटपणे कपाळी लावून घेतात. मला हे अमान्य आहे. याच मुलाला मराठीत विचारा. आजोळच्या माडीवर कसला वास येतो? कुबट. जुन्या शेंगदाण्यांना? खवट. उतू गेलेल्या दुधाला? करपट. भाजणीला? खमंग. एका श्वासात चार विशेषणे, आणि एकही दुसऱ्याच्या जागी चालणार नाही! ज्याच्या नाकाला एवढा विवेक आहे, त्याच्या वहीत ‘बॅड स्मेल’ आणि ‘गुड स्मेल’ एवढेच उरते. कारण कुबट म्हणजे ‘मस्टी’, खवट म्हणजे ‘रॅन्सिड’, हा सांधा त्याला कुणी जोडूनच दिलेला नसतो. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललास तर खबरदार, हा नियम येथे आड येतो. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती काढली. एकेका मराठी शब्दाची छटा पकडण्यासाठी तो इंग्रजीच्या ओळीच्या ओळी खर्च करतो. आज हा कोश मोबाइलवरसुद्धा पाहता येतो. साहेबाला जी मराठी विशेषणे मोलाची वाटली, ती आपण वर्गाबाहेर चपलांशेजारी ठेवून यायला सांगतो.

उलट बाजूही आहे. आपला ‘कडक’ हा शब्द घ्या. चहा कडक, मास्तर कडक, ऊन कडक, शिळी भाकरी कडक आणि सदऱ्याची इस्त्रीही कडक. इंग्रजीत मात्र चहा ‘स्ट्राँग’, मास्तर ‘स्ट्रिक्ट’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, भाकरी ‘हार्ड’ आणि सदरा ‘क्रिस्प’. ‘हार्ड टी’ लिहिणाऱ्या मुलाला हसण्यापेक्षा त्याच्याकडून ही पाच वाक्ये करून घ्यावीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीचा हात धरूनच. ती पाठमाला जुनी झाली, हे खरे. हात धरणे जुने झाले असे मला वाटत नाही.

याबाबत आमच्याच एका प्राध्यापकांचा आक्षेप असा की, “अरे, आधी यांना वाक्य तर शुद्ध लिहू दे, विशेषणांचे लाड नंतर!” सरांविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो, गोष्ट नेमकी उलट आहे. इंग्रजी व्याकरणात कच्च्या मुलाला सर्वांत कमी धोका विशेषणातच आहे. मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल, चांगल्या मुलाला, असे विशेषणाला सारखे कपडे बदलावे लागतात. इंग्रजीतला ‘गुड’ लिंग, वचन, विभक्ती कशालाच दाद देत नाही. क्रियापदाच्या काळात मूल दहा वेळा घसरेल, पण विशेषणाचे रूप चुकवणे त्याला जमणारच नाही. सांभाळायचा तो क्रम : ‘ओल्ड रेड बस’ म्हणावे, ‘रेड ओल्ड बस’ नव्हे. तो कानाने येतो. आणि एका नामामागे तीन-तीन विशेषणांची वरात काढू नये, एवढे पथ्य. कधी तर विशेषणाची गरजही नसते. ‘स्मॉल रेन’पेक्षा ‘ड्रिझल’ बरा.

आमच्या शिकवणीतल्या नववीच्या एका मुलीने आजोळच्या घरावर निबंध लिहिला. माडीला तिने ‘मस्टी’ म्हटले. सारवलेल्या अंगणाच्या वासाला इंग्रजी शब्द मलाही सुचेना, तेव्हा तिने आपल्या मनाने ‘डॅम्प अँड ग्रासी’ लिहिले. मला तरी त्या अंगणात उभे राहिल्यासारखे वाटले. शाळेतून वही तपासून आली, तेव्हा या दोन्ही ठिकाणी लाल रेघ होती आणि समासात शेरा होता : ‘चांगले शब्द वापरावेत’. तिने पुढचा निबंध गाइडातून उतरवला आणि तिला दोन गुण जास्त मिळाले.

आपल्या वर्गातले बरेच जण लवकरच बी.एड. करून तीच लाल शाई हातात घेणार आहेत. त्यांनी तूर्त ‘मस्टी’चा अर्थ कोशात पाहून ठेवावा.