कॉक्लिअर इम्प्लांट: मशीन बसलं, पण आतली तार कुठे पोहोचली?

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचं ठरलं, की घरातले लोक कंपनी कोणती आणि खर्च किती, हे आधी विचारतात. पण मुलाला शब्द किती स्पष्ट ऐकू येतील, हे आणखी एका गोष्टीवर अवलंबून असतं. ती म्हणजे कानाच्या आत गेलेली इलेक्ट्रोडची तार नेमकी कुठे बसली.

कानात काय बसवतात?

कानामागचा प्रोसेसर आवाज पकडून त्याचे उंच-खालच्या सुरांनुसार भाग करतो. त्वचेखालचं यंत्र त्यांचे विद्युत संकेत करून एका बारीक तारेत सोडतं. ही तार आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, म्हणजे कॉक्लिआत, सरकवलेली असते. मॉडेलनुसार तिच्यावर साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात आणि ते थेट श्रवणतंतूंना चेतना देतात.

जागा का महत्त्वाची?

कॉक्लिआला सुमारे अडीच वेढे असतात आणि तिची रचना पेटीच्या पट्ट्यांसारखी असते. तोंडाशी उंच सूर, तर आतल्या टोकाकडे खर्ज. 'स', 'श' यांची सळसळ तोंडाकडच्या भागात कळते, तर आवाजाचा जाडपणा आतल्या वेढ्यांत. तार पुरेशी आत गेली नाही, तर खालच्या सुरांचे संकेत वरच्या पट्ट्यांवर पडतात आणि आवाज चिरका वाटतो. मेंदू काही महिन्यांत बराच जुळवून घेतो, पण सगळ्यांचं सारखं जुळत नाही.

मराठीत 'वेल' आणि 'वेळ', 'मन' आणि 'मण' यांच्यातला फरक बारीक आहे. शेजारचे इलेक्ट्रोड एकाच तंतूंवर संकेत सांडू लागले, तर असे फरक आधी पुसट होतात.

कुठे बिघडू शकतं?

तार कॉक्लिआच्या खालच्या पोकळीत राहणं अपेक्षित असतं. ती पडदा भेदून वरच्या पोकळीत गेली, तर शब्द ओळखण्याचे गुण सरासरीने कमी येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कधी तारेचं टोक आत दुमडतं आणि सुरांचा क्रमच उलटसुलट होतो. तार तंतूंपासून लांब राहिली, तर जास्त विद्युतप्रवाह लागतो आणि तो आजूबाजूला पसरतो.

हा प्रश्न जुनाच आहे. १९५७ साली पॅरिसमध्ये एका रुग्णाला एकच इलेक्ट्रोड बसवला, तेव्हा त्याला आवाजाची लय कळली, पण बोलणं समजलं नाही. अनेक इलेक्ट्रोडची तार वेढ्यांतून न्यायची कशी, याचं उत्तर ऑस्ट्रेलियाचे डॉ. ग्रॅम क्लार्क यांना १९७७ साली समुद्रकिनाऱ्यावर मिळालं. त्यांनी शंखात गवताची पाती सरकवून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ पातं आतवर गेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी पहिली शस्त्रक्रिया केली.

अहिल्यानगरच्या पालकांनी काय पाहावं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. त्यात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून १ ते ५ वर्षांच्या कर्णबधिर मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. त्याचं काम मुंबईची अली यावर जंग संस्था पाहते. म्हणून शंका येताच तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतर तीन प्रश्न विचारावेत. तार पूर्ण आत गेली का? तिची जागा एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये पाहिली का? किती इलेक्ट्रोड चालू आहेत? ही माहिती फाईलमध्ये लिहून घ्यावी. मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला किती प्रवाह द्यायचा हे ठरवणं, याच माहितीवर नीट होतं. पहिल्या वर्षी ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्यासाठी अकोले किंवा जामखेडच्या गावातून शहर गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. त्यामुळेच या फेऱ्या चुकतात.

तारेची जागा हेच सगळं काही नाही. इम्प्लांटच्या वेळचं वय, श्रवणतंतूंची स्थिती आणि वाचा-उपचार यांचाही वाटा मोठा आहे. मात्र मूल बोलण्यात मागे पडत असेल, तर 'त्याचं लक्ष नाही' असं ठरवण्याआधी तार आणि मॅपिंग तपासून घ्यावं. भाषा शिकण्याची सुरुवातीची वर्षं परत येत नाहीत.