जुहूहून समुद्राकडे
हेलिकॉप्टर पायलट म्हटलं की आपल्याला निवडणुकीतला नेता आणि मैदानावरचा धुरळा आठवतो. पण या पेशाची रोजची भाकरी जुहूच्या विमानतळावर मिळते: तिथून सुमारे 160 किलोमीटरवरच्या मुंबई हायला तेलविहिरींवरची माणसं नेणं-आणणं. पावसाळ्यात खाली खवळलेला समुद्र, समोर हेलिडेकवर रंगवलेला गोल, आणि वारा त्याच्या मर्जीचा. डावा हात कलेक्टिव्ह नावाच्या दांड्यावर, उजवा सायक्लिक नावाच्या दांड्यावर, पाय पेडलवर. एक हलवलं की उरलेली दोन सावरावी लागतात. इंजिन बंद पडलंच, तर खालून येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरती ठेवून उतरायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि ते घोटल्याशिवाय सुटका नाही. आता पैशांचं बोलू. व्यावसायिक परवान्याला आपल्याकडे 150 तासांचं उड्डाण लागतं, आणि शिकाऊ विमानापेक्षा हेलिकॉप्टरचा तास बराच महाग. वर नोकरीच्या रांगेत सैन्यदलांतून निवृत्त झालेले, अनुभवाने मुरलेले वैमानिक पुढे उभे. तेव्हा पोराला खरंच ही हौस असेल, तर कर्ज काढण्याआधी एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, अर्ज भरायला सांगा. पोरीलाही सांगा, 2022 पासून तिथे मुलीही दाखल होतात.