आलेखाची डावी बाजू

संपादक महोदय,

लहान आकाराच्या रेडिओ दीर्घिकांवरील गेल्या अंकातील लेखात कमी वारंवारतेची निरीक्षणे धूसर आणि कालबाह्य ठरवली आहेत. धूसर हे खरे. दीडशे मेगाहर्ट्झला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही या दीर्घिका ठिपक्यासारख्याच दिसतात. कालबाह्य मात्र मुळीच नाहीत.

कमी वारंवारतेला उत्सर्जन घटते म्हणजे तिथे ऊर्जाच नाही, हा लेखकाचा निष्कर्ष चुकीचा आहे. रेडिओलहरी निर्माण करणारे इलेक्ट्रॉन दाटीवाटीने असले, की स्वतःच त्या शोषून घेतात. काही ठिकाणी भोवतालचा आयनीभूत वायू ते काम करतो. पीकेएस १९३४-६३८ ही अशीच लहान दीर्घिका सुमारे १.४ गिगाहर्ट्झला सर्वाधिक तळपते आणि त्याखाली मंदावते, हे १९६३ पासून ठाऊक आहे. सर्वसाधारणपणे स्रोत जितका लहान, तितके हे शिखर वरच्या वारंवारतेला. मग वारंवारतेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखाची डावी, म्हणजे कमी वारंवारतेची, बाजू कापून तो वाचायचा कसा?

‘लहान म्हणजे तरुण’ हे लेखकाचे म्हणणेही अर्धेच खरे. काहींची दोन टोके एकमेकांपासून दूर जाताना मोजली गेली, वय शतकांत किंवा फार तर काही हजार वर्षांत निघाले. पण सगळ्याच वाढतात असे नाही. काही दाट वायूत अडकतात, काही विझतात, आणि विझलेल्यांच्या खुणा कमी वारंवारतेलाच जास्त काळ टिकतात.

राहिला ‘युरोपातील लोफार दुर्बिणीवाचून गत्यंतर नाही’ हा दावा. खोडदच्या जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला सुमारे ९० टक्के आकाश पाहिले. त्यातून तयार झालेली सुमारे ६.२ लाख स्रोतांची सूची २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली असून सर्वांना खुली आहे. लेखकालाही.

कळावे,
एक वाचक, नारायणगाव