पंगतीची रीत

जेवण ही शरीराची गरज आहे. चारचौघांत जेवणे ही मात्र समाजाची रीत आहे. घरी मोकळेपणाने जेवणारा माणूस परक्या पंक्तीत बसला, की एकाएकी अवघडतो. कोणता पदार्थ आधी खावा, पोट भरले हे कसे सांगावे, इतरांच्या आधी उठले तर चालेल का, असे प्रश्न त्याला पडू लागतात. समोर पक्वान्ने असूनही घास घशाखाली उतरत नाही.

हे अवघडलेपण सगळ्या जगाच्या ओळखीचे आहे. जपानमधील ताइतो या कंपनीने २००९ मध्ये ‘चो चाबुदाई गाएशी’ नावाचा एक गमतीदार व्हिडिओ गेम आणला. चाबुदाई म्हणजे जमिनीवर बसून जेवण्यासाठी वापरायचे बुटके मेज. या खेळाच्या यंत्रालाच तसे एक छोटे मेज जोडलेले असते. पडद्यावर एक कुटुंब जेवत असते आणि घरातल्या वडिलांकडे कुणाचेच लक्ष नसते. खेळणारा मेजावर हात आपटत राहतो आणि अखेर ते उलथवून टाकतो. नासधूस जितकी अधिक, तितके गुण अधिक! खेळ पाहून हसू येते. पण त्या हसण्यामागे एक सत्य दडलेले आहे. एका मेजाभोवती बसूनही ज्याची कुणी दखल घेत नाही, तो माणूस आतल्या आत धुमसत असतो.

भोजनाचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. जपानमध्ये भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचणे अशुभ समजतात, कारण ती मृताला भात अर्पण करण्याची रीत आहे. शेवयांचा रस्सा आवाज करीत ओढणे मात्र तेथे वावगे नाही. महाराष्ट्रातही कढीचा भुरका मारणाऱ्याला कुणी नावे ठेवीत नाही; काटे-चमच्यांच्या मेजावर तोच आवाज असभ्य ठरतो. मराठी पानात मीठ वरच्या बाजूला मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे वाढतात. हे ज्याला ठाऊक नाही तो असंस्कृत ठरत नाही. तो केवळ दुसऱ्या घरात वाढलेला असतो.

परंतु या साध्या संकेतांचे कुंपण झाले, की अनर्थ ओढवतो. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, म्हणून केवढे ग्रामण्य माजले! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. विद्वानांची ही गत, तर ज्यांना अस्पृश्य मानून पंगतीबाहेरच ठेवले गेले, त्यांनी किती अपमान गिळला असेल? एकाच पंगतीत वाढताना केलेल्या भेदभावाला मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा शब्द आहे. दोषाला नाव मिळाले, पण दोष गेला नाही.

‘पंगत’ हा शब्द दिल्लीकरांनाही परका नाही. शीख परंपरेत लंगरमध्ये ओळीने बसण्याला पंगतच म्हणतात. गुरू अमरदासांच्या काळी भेटीस येणाऱ्याने आधी पंगतीत बसावे, असा दंडक होता. दिल्लीच्या बंगला साहिब गुरुद्वारात आजही सर्व जण जमिनीवर एका ओळीत बसून जेवतात. तेथेही नियम आहेत. डोके झाकावे लागते, पोळी दोन्ही हातांत घ्यावी लागते. पण ज्याच्याजवळ रुमाल नसेल, त्याच्यासाठी तो प्रवेशाशीच ठेवलेला असतो. पोळी कशी घ्यावी हे न कळणारा शेजाऱ्याकडे पाहून शिकतो. नियम आहे आणि तो पाळण्याची सोयही आहे. म्हणून नवख्याला संकोच वाटत नाही.

मग शिष्टाचार नकोतच का? तसे मुळीच नाही. हात धुऊन बसणे, पानात टाकून न देणे, शेवटच्या माणसाला वाढून होईपर्यंत थांबणे यांत इतरांविषयीची काळजी आहे. ज्या नियमात अशी काळजी असेल तो जपावा. जो केवळ दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी वापरला जातो, तो सोडून द्यावा.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे प्रांतोप्रांतींची माणसे एकत्र काम करतात आणि एकत्र जेवतात. लहान गावातून आलेला तरुण पहिल्यांदाच काटे-चमचे मांडलेल्या मेजाशी बसतो, तेव्हा त्याची चूक टिपणारे डोळे पुष्कळ असतात. अशा वेळी शेजारच्या एखाद्याने स्वतःचा चमचा बाजूला ठेवून हाताने जेवायला सुरुवात केली, तर त्या तरुणाचा घास सुखाने उतरेल. खरा शिष्टाचार पाहायचा असेल, तर तो त्या बाजूला ठेवलेल्या चमच्यात पाहावा.