इतिहासाचे डॉक्टर आणि तेरखेड्याचे फटाके

'इतिहासात पीएच.डी. करून पुढे काय?' हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो आणि त्याचे उत्तरही घराघरांत ठरलेले असते: प्राध्यापकी. ती मिळाली तर पाच-सहा वर्षांचे श्रम कारणी लागले, न मिळाली तर मुलामुलींचे उमेदीचे आयुष्य वाया गेले, असा हा हिशेब. या हिशेबाने आपण दुहेरी नुकसान करून घेत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक नुकसान त्या तरुणांचे. दुसरे आपल्या सामूहिक स्मृतीचे, आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही.

प्रथम प्राध्यापकीचा भ्रम दूर करू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठ विभागांतील साहाय्यक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची ठरवली, तिची अंमलबजावणी पुढे ढकलली, आणि २०२३ मध्ये ही सक्तीच काढून टाकून नेट, सेट यांसारख्या परीक्षाच किमान पात्रता ठरवल्या. ज्या दारासाठी माणसे वर्षानुवर्षे किल्ली घडवीत होती, त्याचे कुलूपच मध्यंतरी दोनदा बदलले. महाविद्यालयांत आज कित्येक डॉक्टर तासिका तत्त्वावर शिकवतात आणि सुट्टी लागली की त्यांचे मानधनही थांबते. अशा स्थितीत 'पीएच.डी. म्हणजे नोकरी' असे मुलांना सांगणारा पालक त्यांची फसवणूक करतो. आणि 'इतिहासाने पोट भरत नाही' असे म्हणून त्यांना त्या वाटेवरून ओढून आणणारा पालकही तितकीच मोठी चूक करतो.

कारण डॉक्टरेटच्या वर्षांत खरोखर काय शिकले जाते, हे आपण कधी विचारतच नाही. विखुरलेले कागद शोधणे, खरा कागद आणि बनावट कागद यांतला फरक ओळखणे, जुनी लिपी वाचणे, वृद्ध माणसाला बोलते करून त्याचे बोलणे जबाबदारीने नोंदवणे, परस्परविरोधी साक्षींचा निवाडा करणे, एकच काम वर्षानुवर्षे एकट्याने तडीस नेणे आणि शेवटी ते सर्व सुसंगत मांडणे, ही सारी कसबे आहेत. सुताराच्या हातातील रंधा केवळ एकाच घराचे दार घडवण्यासाठी नसतो. मग संशोधकाच्या कसबाचा उपयोग केवळ वर्गातल्या फळ्यापुढे, असे कोणी ठरवले?

हाच विचार अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी झाला. इतिहासाच्या डॉक्टरांना विद्यापीठांत जागा उरल्या नव्हत्या, तेव्हा १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील विद्यापीठात रॉबर्ट केली या प्राध्यापकाने सार्वजनिक इतिहासाचा अभ्यासक्रम सुरू केला. संग्रहालये, शासन, उद्योगसंस्था आणि स्थानिक समाज यांच्यासाठी व यांच्यासोबत लिहिला जाणारा इतिहास, असा त्याचा अर्थ. आपल्या मातीत तो कसा रुजेल, हे पाहण्यासाठी मी वाचकांना तेरखेड्याला घेऊन जाऊ इच्छितो.

धाराशिव जिल्ह्याचे नाव आपल्याला अपरिचित नाही. जानेवारी २०२० मध्ये तेथेच, तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याच जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर तेरखेडा वसले आहे. शोभेची दारू आणि फटाके हा या गावाचा उद्योग. वर्तमानपत्रे त्याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. दिवाळीच्या आधी मराठवाड्यातील व्यापाऱ्यांची पावले तिकडे वळतात. आणि अधूनमधून स्फोटाची बातमी येते: चार ओळी, मृतांची नावे, चौकशीचे आश्वासन. मग पुन्हा दिवाळी.

या गावाचा इतिहास कोणी लिहिला? धंदा तेथे कोणी आणला? निजामाच्या राजवटीत परवाना कोण देत असे आणि १९४८ नंतर त्या परवान्यांचे काय झाले? दुष्काळात ऊसतोडीला जाणे टाळण्यासाठी किती कुटुंबे दारूकामाकडे वळली? बायांच्या वाट्याला कोणते काम येते आणि त्यांची मजुरी कोण ठरवते? स्फोटात कर्ता माणूस गेला त्या घराचे पुढे काय झाले? उत्तरे आहेत, पण ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना नोंदींत, पोलिसांच्या पंचनाम्यांत, रुग्णालयाच्या दप्तरांत, नागपूरच्या स्फोटके सुरक्षा संघटनेच्या फायलींत, हैदराबादच्या उर्दू कागदांत आणि म्हाताऱ्या कारागिरांच्या डोक्यात विखुरलेली आहेत. ती एकत्र आणणे हे डॉक्टरेटच्याच तोडीचे काम आहे.

आणि ते काम केवळ कुतूहलाचे नाही. समजा, एखाद्या संशोधिकेने चाळीस वर्षांचे पंचनामे लावून दाखवले, की स्फोट कोणत्या महिन्यात अधिक झाले, दारू कालवताना झाले की भरताना की वाळवताना, आणि त्या वेळी खोलीत किती माणसे होती. त्या तक्त्याने उद्या जीव वाचू शकतात. तोच तक्ता विधवेच्या नुकसानभरपाईच्या अर्जाला पुरावा होऊ शकतो. आज असा अभ्यास झालाच, तर तो बाइंडिंग होऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाईल. फार तर संगणकावर चढेल. ज्यांच्याविषयी तो लिहिला, त्यांच्या उंबरठ्यावर तो कधीच पोहोचणार नाही. विद्यापीठीय इतिहासावर माझा हाच मुख्य आरोप आहे. माणसांकडून साक्ष घ्यायची, त्या बळावर पदवी मिळवायची आणि त्यांना काहीच परत द्यायचे नाही, याला ज्ञानसाधना म्हणवत नाही.

याच जिल्ह्यातील तेर पाहा. ग्रीक प्रवासग्रंथात 'तगर' म्हणून उल्लेखलेले हे प्राचीन व्यापारी नगर. तेथील शेताशिवारांत सापडणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने जिवापाड जमवल्या आणि त्यातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला काचेचे कपाट मिळाले, हे योग्यच झाले. आजच्या दारूकामगाराला मात्र वहीचे एक पानही मिळालेले नाही.

येथे कोणी म्हणेल, लामतुऱ्यांपाशी कोठे डॉक्टरेट होती? इतिहासाचार्य राजवाड्यांपाशी तरी कोठे होती? मान्य. थोर संशोधन पदवीवाचून होते. परंतु राजवाड्यांनी दारिद्र्य आणि एकाकीपण पत्करले, म्हणून पुढच्या प्रत्येक संशोधकाने ते पत्करावे, ही अपेक्षा क्रूर आहे. ज्या समाजाला कसबाची गरज आहे, त्याने कसबाचा मोबदला दिला पाहिजे.

गरज नाही, असे कोण म्हणेल? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन दप्तरे उघडली गेली. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नावर आपले मत काहीही असो. लक्षावधी कुटुंबांचे भवितव्य ज्या कागदांवर अवलंबून आहे ते वाचणारी माणसे मोजकीच उरली आहेत, हे त्या वेळी उघड झाले. त्याच सुमारास ज्याने कंटाळत का होईना मोडी शिकून घेतली होती, त्याचे शिक्षण निरुपयोगी होते काय?

वाटा आणखीही आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि दर्शनिका विभाग, मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्था, पुण्यातील टाटा उद्योगसमूहाचे आणि मुंबईतील गोदरेजचे अभिलेखागार, मराठी विश्वकोश, वारसा-संवर्धन, माहितीपट, पुस्तकप्रकाशन. या जागा थोड्या आहेत, पुष्कळशा कंत्राटी आहेत आणि आरंभी पगार बेताचा असतो, हे पालकांपासून लपवू नये. छात्रवृत्ती नसेल तर कर्ज काढून पीएच.डी. करू नये, असेही मी म्हणेन. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद छात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, तेव्हा आपल्या मुलांनी हा विचार अधिकच काटेकोरपणे करावा. पण ज्याने ही वाट धरली, त्याने प्रबंधासोबत एक जुनी लिपी, मुलाखतीचे व नोंदसूचीचे तंत्र आणि सामान्य वाचकाला कळेल असे लिहिण्याची सवय कमवावी. मार्गदर्शकाने ते शिकवले नाही तर हट्टाने मागावे.

आता आपल्याच अंगणाकडे वळू. स्पेनहून आलेल्या फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास संशोधन संस्था उभारली. हा वारसा असलेले आपण आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाला काय करतो? स्मरणिका काढतो. तीत जाहिराती, समितीची छायाचित्रे आणि मागल्या स्मरणिकेवरून उतरवलेला दीड पानांचा इतिहास. मंडप, रोषणाई आणि आतषबाजी यांवर हजारो रुपये जातात. तो फटाका कोणी वळला हे आपण विचारत नाही. आणि ज्या नोंदवहीत आपल्या आज्याचा स्नानसंस्कार नोंदला आहे, तिला वाळवी लागली काय, हेही विचारत नाही.

चर्चचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ वा नियम प्रत्येक धर्मग्रामाने नोंदवह्या आणि जुने ग्रंथ काळजीपूर्वक जतन करावेत असे सांगतो. ४९१ वा नियम धर्मप्रांतात ऐतिहासिक दप्तरखाना असावा असे सांगतो. १९९७ मध्ये व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने तर चर्चच्या दप्तरखान्यांचे कार्य मेषपालीय आहे, असे खास पत्रकाद्वारे प्रतिपादले. म्हणजे आज्ञा आहे, काम आहे, शिकलेली मुलेही आहेत. नाही ती मोबदला देण्याची दानत.

एक आक्षेप गंभीर आहे. पैसे देणाराच इतिहास लिहवून घेऊ लागला तर सत्याचे काय? कारखानदाराने नेमलेला इतिहासकार स्फोट वगळील, आणि धर्मग्रामाने नेमलेला इतिहासकार जुने तंटे झाकील. भीती रास्त आहे. म्हणूनच येथे पक्की तालीम झालेला माणूस हवा. पुराव्याशिवाय न लिहिणे, अप्रिय पुरावा न दडवणे, आणि बोलणाऱ्याच्या संमतीवाचून त्याचे नाव न छापणे, ही शिस्त त्याच्या अंगी मुरलेली असते. करारात तशी अट लिहून घेण्याचे धैर्य मात्र आपल्याला दाखवावे लागेल.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. येत्या प्रत्येक महोत्सवाच्या अंदाजपत्रकात आतषबाजीचा खर्च वगळावा आणि त्या रकमेतून एका प्रशिक्षित संशोधकाला वर्षभराचे मानधन द्यावे. त्याने नोंदवह्यांची सूची करावी, वृद्धांच्या मुलाखती घ्याव्यात आणि वर्षाअखेरीस सभागृहात सर्वांसमोर ते मांडावे. विद्यापीठांनीही प्रत्येक प्रबंधासोबत, ज्यांच्याविषयी तो लिहिला त्या माणसांना वाचता येईल अशी एक छोटी पुस्तिका सक्तीची करावी. मग तेरखेड्यावर प्रबंध लिहिणारी मुलगी पदवी घेऊन प्रथम तेरखेड्याला जाईल, आणि 'पुढे काय?' या प्रश्नाचे उत्तर तिला तेथेच मिळू लागेल.