सिस्टर निवृत्त होतील, मग?



'आपले मदतनीस' शिकवताना मी मुलांना नर्सचं चित्र काढायला सांगते. बहुतेक सगळ्यांचं चित्र एकच असतं. तरुण मुलगी, डोक्यावर पांढरी टोपी, हातात इंजेक्शन. पण आमच्या शाळेत पाचवीच्या मुलांना टीडीची लस द्यायला येणाऱ्या सिस्टर तशा नाहीत. त्यांना जाड चष्मा आहे, गुडघे दुखतात. चार पायऱ्या चढल्या की आधी खुर्ची शोधतात. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार आहेत.

"मग तुमच्या जागी कोण येणार?" मी विचारलं.

"कोण येतंय मॅडम! शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे चार्ज देतील."

हा प्रश्न एका गावाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात तेव्हा सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका होत्या आणि साधारण दर सहा जणींमागे एक जण त्यापुढच्या दहा वर्षांत निवृत्त होणार, असा त्यात अंदाज होता. जर्मनीसारख्या देशात वृद्ध वाढले, म्हणून तिथून आपल्या मुलींना बोलावणं येतंय. म्हणजे इथल्या जुन्या सिस्टर घरी आणि नव्या परदेशी!

सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. चार्ज दिला की एकीवर दुप्पट माणसं येतात. शिवाय कोणती गरोदर बाई तपासणीला यायला लाजते, कोणत्या घरी आधी सासूची समजूत घालावी लागते, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. ते सिस्टरबरोबरच जातं.

माझं मत साधं आहे. निवृत्तीची तारीख नोकरीला लागतानाच ठरलेली असते. मग जागा भरायला ती रिकामी व्हायची वाट का बघायची? नवी सिस्टर सहा महिने आधी यावी, जुनीबरोबर घरोघरी फिरावी. पन्नाशीपुढच्या सिस्टरची फिरती आणि रात्रपाळी कमी करून त्यांना नव्यांना शिकवायचं काम द्यावं.

पण थोडा दोष आपलाही आहे. मागच्या वर्षी पालकसभेत एक मुलगी म्हणाली, "मी नर्स होणार." आई लगेच म्हणाली, "एवढी हुशार आहेस, डॉक्टर हो की!" सगळे हसले. मीही हसले. ती मुलगी गप्प बसली. नंतर कधी तिने ते पुन्हा म्हटलं नाही. ते हसणं मला अजून टोचतं. हुशार मुलांनी नर्स का होऊ नये? आणि फक्त मुलींनीच का व्हावं?

यंदा लसीकरणाच्या दिवशी मी मुलांना सिस्टरांची मुलाखत घ्यायला लावणार आहे. मग निबंध लिहायचा, 'आमच्या गावच्या सिस्टर'. तुम्हीही आपल्या शाळेत करून बघा. आणि पालकहो, एखादं लेकरू घरी येऊन "मला नर्स व्हायचंय" म्हणालं, तर हसू नका. म्हातारपणी आपला बीपी कोणीतरी तपासायला हवाच ना!